घरी जाण्याचं पान

“पण तो घरी का नाही गेला, तेवढं सांगा.”

कपाटापलीकडून आवाज आला आणि माझ्या हातातलं कार्ड तसंच राहिलं. विचारणारे आमचे ग्रंथपाल होते. टेबलापुढे बँकेतला एक कॅशियर उभा होता, एका हातात स्कूटरची किल्ली, दुसऱ्यात परत करायची कादंबरी.

“कोण घरी नाही गेला?”

“तुमचा नायक. पुस्तक वाचलंत ना?”

“वाचलं की. शेवटी खजिना सापडतो.”

“खजिना राहू दे. गुहेच्या तोंडाशी वाटाड्या त्याला म्हणतो, मी मागे फिरतोय, येतोस तर चल. तेव्हा हा फिरला असता तर त्याला कुणी नावं ठेवली असती?”

कॅशियरने जरा विचार केला. “नसती ठेवली.”

“मग का नाही फिरला?”

“साहेब, मला फिरायचंय,” कॅशियर म्हणाला. “बायको खाली उभी आहे.”

ग्रंथपालांनी नाइलाजाने शिक्का मारला. तो गेल्यावर कपाटाच्या दिशेने बघत म्हणाले, “ऐकलंस गो? याला पुन्हा साहसकथा द्यायची नाही. पाककृती दे.”

मी मान हलवली. त्या वाचनालयात मी मान हलवण्यापलीकडे फारसं काही करत नसे.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. माझी बारावी झाली होती, मला हवं ते कॉलेज सिल्वासात नव्हतं आणि वापीला रोज एकटीने जाणं घरी कुणाच्या पचनी पडत नव्हतं, म्हणून बी.ए. पोस्टाने चाललं होतं. रिकामी बसू नये म्हणून बाबांनी आठवड्यातल्या तीन दुपारी मला सरकारी वाचनालयात कार्डं लिहायला लावलं. बाबा त्याच आवारातल्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर बसायचे. सोय चांगली होती. अडीचला ते मला वाचनालयाच्या दाराशी सोडायचे, साडेपाचला त्याच दाराशी घ्यायला यायचे. चार वाजता मी कुणाशी दोन वाक्यं जास्त बोलले तर सव्वाचारला ते त्यांच्या टेबलावर पोचायचं. म्हणून मी बोलतच नसे. नन्सच्या शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी बोलणं तसंही अडखळतच चालायचं, आणि अडखळताना लोक माझ्या तोंडाकडे बघतात हे मला आवडत नसे.

ग्रंथपालांना मनातल्या मनात मी काका म्हणायचे. ते देवगडकडचे. सहा महिन्यांसाठी म्हणून इथे आले होते आणि मी त्यांना पाहिलं तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. किलवणी नाक्याजवळ एका खोलीत एकटे राहायचे. मे महिन्यातही शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. समुद्रावरच्या गोष्टींचं त्यांना वेड होतं, पण दमणगंगेचा पूल ओलांडताना ते बरोब्बर मधोमध चालायचे आणि मागून राखोलीची बस हॉर्न वाजवत आली तरी कठड्याकडे सरकायचे नाहीत. ड्रायव्हर शिव्या द्यायचे. समुद्राकाठी जन्मलेला हा माणूस आयुष्यात एकदाही होडीत बसला नव्हता. सुरंगीहून येणाऱ्या एका शिक्षकांनी याबद्दल चिडवलं तर म्हणाले, “बसलो असतो तर वाचायला कशाला बसलो असतो?”

त्यांचा एक नियम होता. परत आलेल्या साहसकथेवर शिक्का मारण्याआधी ते एकच प्रश्न विचारायचे, घरी जाण्याचं पान कुठलं? प्रत्येक साहसकथेत असं एक पान असतं, असं त्यांचं म्हणणं. तिथे नायकाला मागे फिरता येतं. त्याला कुणी बांधलेलं नसतं, वाट मोकळी असते, आणि फिरला तरी गावात कुणी त्याला भित्रा म्हणणार नसतं. त्या पानावर तो काय करतो तेवढीच त्याची खरी गोष्ट. बाकीची वादळं, तलवारी आणि वाघ हे सगळं त्यांच्या मते तोंडी लावणं. ते पान सापडलं की मागच्या पुठ्ठ्याच्या आत, कार्डाच्या खिशाखाली, ते शिसपेन्सिलीने बारीक आकडा लिहायचे. एकशे बेचाळीस. नव्वद. नुसता आकडा. एका कादंबरीत त्यांनी खलनायकाचंही पान लिहून ठेवलं होतं, कंसात. “यालाही संधी होती बिचाऱ्याला,” म्हणाले.

पुस्तकांच्या पाठीवर सरकारी क्रमांक होते, पण खण त्यांच्या हिशेबाने लावलेले. वरच्या खणात थांबलेले नायक. मधल्यात ज्यांना जाताच आलं नाही असे. आणि अगदी तळाशी, झुरळांच्या शेजारी, नुसते धावणारे.

“बांधून ठेवलेला माणूस दोर तोडून पळाला, यात कसला आलाय पराक्रम?” ते म्हणायचे. “मांजर पण पळतं. मोकळा असून थांबला तर मी टोपी काढीन.” टोपी ते घालत नसत.

स्वतःवरही त्यांचे असेच प्रयोग चालायचे. दुपारी तीनला डबा उघडायची वेळ झाली की ते वाचत असलेलं प्रकरण बरोब्बर मारामारीच्या मध्यावर बंद करायचे, आणि भात आणि कुळथाची पिठी अगदी सावकाश खायचे. एकदा मी नकळत त्या मिटलेल्या पुस्तकाकडे बघत राहिले असेन. म्हणाले, “बघू नको. तो तिथे तलवारीखाली आहे. राहू दे अर्धा तास. मला उठून वाचता येतंय आणि मी वाचत नाहीय, हे त्याला कळायला हवं.”

एका मुक्तिदिनाला एका शाळेने त्यांना भाषणाला बोलावलं होतं. विषय अर्थातच स्वातंत्र्य. बाबांबरोबर मी गेले होते. काका गळ्याचं बटण लावून उभे राहिले आणि समोरच्या चारशे मुलांना म्हणाले, “एका गोष्टीत चाचे एका तरुणाला कोठडीत टाकतात. एकशे तिसाव्या पानावर कोठडीचं दार उघडतं. मुलं टाळ्या वाजवतात. पण दार उघडलं म्हणजे फक्त दार उघडलं. तो तरुण कसा माणूस आहे ते एकशे एकतिसाव्या पानावर कळतं. ते पान वाचा.” आणि खाली बसले. मुख्याध्यापकांना आपण केव्हा आभार मानायचे हेच कळेना. परत येताना स्कूटरवर बाबा म्हणाले, “माणूस चांगला आहे, पण एक स्क्रू ढिला आहे.” मागे बसून मी मान हलवली. बाबांना ती दिसली नाही ते बरंच झालं, कारण ती आडवी हलली होती.

मला ते बरोबर वाटायचे. पूर्ण नाही.

एक कादंबरी होती. तिचं पहिलं पान केव्हाच गेलं होतं, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे तिला गलबताची म्हणायचे. वादळात भरकटलेलं गलबत, तरुण तांडेल, संपत आलेलं पाणी. रात्री तांडेलाला एकट्याने छोट्या होडीतून निसटता येतं आणि तो निसटत नाही, ते एकशे बेचाळिसावं पान. काकांचं सगळ्यांत लाडकं. पण त्याच गलबतावर एक आचारी होता. त्याला पकडून आणलेलं, पायात साखळी. पाण्याचं पिंप त्याच्या ताब्यात, आणि तो सगळ्यांना, स्वतःला बांधणाऱ्यांनाही, एकाच मापाने पाणी देतो. लेखकाने त्याला चार ओळी दिल्या होत्या. त्या मी तीनदा वाचल्या. मग काका चहाला गेले असताना त्यांच्या आकड्याखाली माझ्या पेन्सिलीने लिहिलं, ११७.

असं का केलं ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. दाराशी सोडल्या जाणाऱ्या आणि दाराशी घेतल्या जाणाऱ्या मुलीला तो आचारी जवळचा वाटला असेल.

आठ दिवसांनी ते पुस्तक पुन्हा माझ्या हाती आलं. ११७ च्या शेजारी काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘आचारी साखळीत होता. त्याला जाता कुठे येत होतं?’

मी लिहिलं, ‘पाणी जास्त पिता येत होतं.’

पुढच्या खेपेला उत्तर होतं, ‘मान्य. तरी तो मोकळा नव्हता. मोकळा नसलेल्याचं सद्वर्तन ही नाइलाजाची गोष्ट.’

‘जाणं म्हणजेच सगळं का?’ असं मी लिहिलं, आणि त्यानंतर दुसऱ्या पुस्तकांतही लिहू लागले. त्यांच्या आकड्याखाली माझा आकडा. त्यांचा नेहमी नायकाचा, माझा कधी कैद्याचा, कधी वाटाड्याच्या बायकोचा, एकदा एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याचा. वर्षभर चाललं हे. पंधरा फुटांवर बसून आम्ही भांडत होतो आणि त्यांना आपण कुणाशी भांडतोय हे ठाऊक नव्हतं. वरच्या आणि मधल्या खणातली पुस्तकं एकमेकांत मिसळायला लागली होती. एखादा नायक दुपारी वर असायचा, संध्याकाळी मधे. माझ्यासारखीला एवढं ऐकून घेणारं माणूस कुठे मिळणार होतं?

त्यांनी तपास केला, आणि तो चुकला. कसा चुकला ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं.

“अक्षर बघ गो,” एक पान माझ्यापुढे धरून ते म्हणाले. मी हातातली पेन्सिल कार्डांखाली सरकवली. “एकेक अक्षर ओढून काढलंय. काना बघ, खुंटीसारखा उभा. हा शाळेत फार गेलेला हात नाही. दिवसभर लोखंड उचलून मग पेन्सिल धरणारा हात आहे. आणि विचार बघ. साखळीतल्या माणसाबद्दल असं कोण लिहील? ज्याने कष्ट काढलेत तोच.”

ते अक्षर बारा वर्षं इंग्रजी शाळेत शिकलेल्या हाताचं होतं, देवनागरी ज्याला कधी वळवताच आली नव्हती; वाचनालयाची कार्डंही मी इंग्रजीतच लिहायचे. पण काकांनी सभासदांची कार्डं तपासली, आणि सुकलालचं नाव काढलं.

सुकलाल धुळ्याकडचा, राखोलीच्या एका सुताच्या कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेला. पहिली पाळी सुटली की शनिवारी यायचा, तीन साहसकथा न्यायचा. त्यांच्या खोलीत नऊ जण राहायचे आणि हा त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. पुस्तकं त्याच्याकडून परत आली की मी ती खणात लावण्याआधी लिहायचे, त्यामुळे तारखा नेमक्या जुळत होत्या.

काकांनी त्याला सरळ विचारलं नाही. ते त्यांना असभ्य वाटलं असणार. त्यांनी त्याच्यासाठी खुर्ची ठेवली. सभासदांसाठी वाचनालयात बाक होते. खुर्ची फक्त सुकलालला. चहा सांगायला लागले.

“या सुकलालभाऊ. मग, आचाऱ्याचं काय म्हणता?”

“कोणता आचारी, मास्तर?” सगळे कामगार त्यांना मास्तरच म्हणायचे.

“गलबतावरचा.”

“चांगला व्हता बिचारा.” सुकलाल बशीत चहा ओतायचा. “आमच्या मेसमध्ये असा पाहिजे. आमचा तर डाळीमां पानीच टाकस.”

काका खूश होऊन माझ्याकडे बघायचे. पाहिलंस, किती साधेपणाने बोलतो, असा त्यांचा चेहरा. सुकलालला काही कळत नसे, पण आठवडाभर सुपरवायझरकडून तू-तुकार ऐकणाऱ्या माणसाला एका टेबलामागचा साहेब अहो-जाहो करतोय, खुर्ची पुढे करतोय, हे त्याला सोडवत नव्हतं. एकदा जाता जाता त्याने मला हळूच विचारलं, “ताई, मास्तरनी तब्येत बरी शे ना?”

तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी हसले आणि मान हलवली.

काका पुढे निवृत्त झाले, देवगडला न जाता किलवणी नाक्यालाच राहिले, आणि माझ्या मुलाच्या बारशाला एक साहसकथा घेऊन आले, तिच्यात आकडा न लिहिता. हे सगळं सांगण्यासारखं आहे. पण त्यांची आठवण निघाली की मला आठवतो तो एक शनिवार.

शिक्षण खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले होते. मुंबईचे, नुकतेच बदलून आलेले, नीटनेटके. पंखा अगदी हळू फिरत होता. त्यांनी वरच्या खणातून एक पुस्तक काढलं, मागचा पुठ्ठा उघडला, मग दुसरं, मग तिसरं.

“हे काय आहे?”

अशा प्रश्नावर कुणीही गप्प बसलं असतं. काका फुलले.

“वरचा आकडा माझा, सर. खालचा आमच्या एका सभासदाचा. राखोलीला मजूर आहे. चौथी शिकलेला. वाचा तर खरं, काय लिहितो. मला त्याने माझं मत बदलायला लावलंय.”

“सरकारी पुस्तकं खराब केलीत तुम्ही दोघांनी, आणि कौतुक सांगताय?”

“पेन्सिल आहे, सर.”

“तुमचा मेमो वेगळा निघेल. या सभासदाचं कार्ड काढा. कुठे काम करतो? त्याच्या कंपनीला पत्र जाईल खात्याचं.”

काकांचा हात टेबलावरच थांबला. पत्र म्हणजे काय हे सिल्वासात सगळ्यांना माहीत होतं. ठेकेदाराकडच्या माणसाबद्दल सरकारी शिक्क्याचा कागद आला तर तो वाचायच्या आधीच माणसाला फाटकाबाहेर काढतात.

“पत्र नको, सर,” काका म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. “परवानगी माझी होती.”

“अशी परवानगी द्यायचा तुम्हाला अधिकार नाही.”

आणि नेमका तेव्हाच सुकलाल दारात आला, केसांवर सुताचे पांढरे तंतू, काखेत तीन पुस्तकं. सवयीने खुर्चीकडे निघाला. खुर्चीवर अधिकारी बसलेले पाहून थांबला.

“सुकलाल तूच का? हे तू लिहिलंस?”

सुकलालने पुढे होऊन पानावर पाहिलं. आकडे, ओळी. त्याच्या चेहऱ्यावर सगळं मागचं एकेक करून जुळत गेलेलं मला कपाटाआडून दिसलं, चहा, खुर्ची, आचारी. मग त्याने काकांकडे पाहिलं. काका टेबलाची कड धरून उभे होते. आपण चुकीच्या माणसाचं नाव घेतलं असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आपण एका भल्या माणसाला बुडवलं एवढंच त्यांना कळत होतं.

“बोल. कंपनीला पत्र जाणार आहे, समजून बोल. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण.”

एवढं सोपं होतं. नाही म्हणायचं. खरंही तेच होतं. फक्त तसं म्हटलं तर एका परक्या साहेबासमोर काका खोटे किंवा वेडे ठरणार होते.

सुकलालने काखेतली पुस्तकं टेबलावर एकावर एक नीट ठेवली.

“मास्तर सांगतस ते खरं शे, साहेब,” तो म्हणाला. “मीच लिखेल शे.”

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि कार्डावरून कंपनीचं नाव उतरवून घ्यायला सुरुवात केली. काकांनी डोळे मिटले. पाच वाजले होते. खिडकीतून समोरच्या कचेरीचा जिना दिसत होता, आणि बाबा अजून खाली उतरले नव्हते. मी कपाटामागे होते. मी तिथे आहे हे त्या खोलीत कुणाच्याही लक्षात नव्हतं, आणि अर्ध्या तासाने मी नेहमीसारखी स्कूटरवर बसून घरी गेले असते तर माझं नाव कधीच कुणी काढलं नसतं.

माझ्या पेन्सिलीचं टोक तुटेपर्यंत मी ती मुठीत दाबून धरली होती, हे मला बाहेर येऊन उभी राहिल्यावर कळलं. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. अडखळणार हे मला माहीत होतं, आणि मी अडखळले.

“सर, त्यांनी... त्यांनी एक अक्षरसुद्धा लिहिलेलं नाही. खालचे आकडे माझे आहेत, खालच्या ओळीही माझ्याच. हवं तर आत्ता लिहून दाखवते, अक्षर जुळवून बघा. पत्र पाठवायचं असेल तर समोरच्या कचेरीत माझ्या वडिलांच्या नावाने पाठवा. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळचं टेबल.”